सेल्फ गेला की बॅटरी? आधी आवाज ऐका, मग पाना उचला

गेल्या मे महिन्यात सकाळी सहाला पारोळ्याहून मामांचा फोन आला, "भाचा, गाडी चालूच व्हत नही रे, सेल्फ गया वाटस." अमळनेरला लग्नाला निघायचं होतं, आहेराचं सामान डिकीत भरलेलं, मामी तयार होऊन ओट्यावर बसलेल्या, आणि गल्लीतलं कोणीतरी सांगून गेलेलं की सेल्फ (इंजिनला सुरुवातीला फिरवून देणारी स्टार्टर मोटर) संपला, आता नवीनच टाकावा लागेल, सात-आठ हजार धरून चला. मी म्हटलं मामा, पैशाचं नंतर बघू, आधी बोनेट उघडा, फोन तिथे धरा आणि मामींना चावी फिरवायला सांगा. फोनमधून आवाज आला टकटकटकटकटक, एकदम भरभर, शिलाई मशीन चालवल्यासारखा. तेवढ्यावरच अंदाज आला की सेल्फ बरा आहे, त्याला करंटच पोचत नाहीये.

हे लिहायचं कारण हेच. आपल्याकडे गाडी सुरू झाली नाही की पहिला संशय सेल्फवर जातो, तो उतरवून नवीन टाकला जातो, आणि पुष्कळदा दोष निघतो बॅटरीच्या खांबावर केबल आवळणाऱ्या क्लॅम्पमध्ये नाहीतर बॉडीच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीला परत नेणाऱ्या जोडात, जे साफ करायला एक जुना टूथब्रश आणि पंधरा मिनिटं लागतात. मी गॅरेजवाला नाही, विहिरीवरच्या मोटारी आणि घरच्या गाड्या उघडून बघता बघता शिकलो, त्यामुळे जे स्वतः हाताने केलंय तेच सांगतो.

सगळ्यात आधी तक्रार नीट ओळखा. "सेल्फ मारतो पण गाडी पकडत नाही" आणि "सेल्फच लागत नाही" या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात इंजिन घर्रर्र घर्रर्र फिरतंय पण सुरू होत नाही, म्हणजे सेल्फने त्याचं काम केलं, आता दोष पेट्रोल-डिझेलच्या लाईनीत, स्पार्कमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधा, सेल्फला हात लावू नका. हा लेख दुसऱ्या तक्रारीसाठी आहे, जिथे चावी फिरवली तरी इंजिन फिरतच नाही किंवा मेल्यासारखं फिरतं.

आता ही सेल्फ मोटर करते काय ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धा दोष आवाजावरूनच सापडतो. इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही, त्याला आधी कोणीतरी फिरवून द्यावं लागतं. जुन्या जीपला पुढून हँडल मारायचे ते आमच्या वडिलांनी मारलेलं आहे, आणि ते आजही सांगतात की हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, वेढा घालायचा नाही, कारण इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. ते हँडल गेलं ते अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरमुळे, त्याने बनवलेली इलेक्ट्रिक सेल्फ मोटर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा बसली. या माणसाने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला मोटर बसवली होती, गल्ल्याचा ड्रॉवर उघडण्यापुरती क्षणभर फिरणारी. तोच विचार त्याने गाडीला लावला, की मोटर दिवसभर चालायची नाहीये, काही सेकंदच चालायची आहे, मग ती लहान ठेवून तिच्याकडून झेपेल त्यापेक्षा जास्त काम तेवढ्यापुरतं काढून घेता येतं. आजची सेल्फ मोटरही तशीच आहे. म्हणून तर एका वेळी दहा सेकंदाच्या वर सेल्फ मारायचा नाही, आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबायचं. जो माणूस चिडून अर्धा मिनिट चावी धरून ठेवतो तो आतलं वाईंडिंग भाजत असतो.

चावी फिरवली की एक बारीक वायर सेल्फच्या पाठीवर बसलेल्या छोट्या डब्याला करंट देते. त्या डब्याला सोलेनॉइड म्हणतात, त्यात कॉइल आहे आणि मधे लोखंडी दांडा. कॉइल चुंबक बनते, दांडा आत खेचला जातो आणि एकाच झटक्यात दोन कामं होतात. एका बाजूने काटा ढकलला जाऊन नऊ-दहा दात्यांचं लहान गिअर पुढे सरकतं आणि इंजिनच्या फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये जाऊन अडकतं, याला गॅरेजमध्ये बेंडिक्स म्हणतात. दुसऱ्या बाजूने दांड्याच्या शेवटची तांब्याची चकती दोन जाड तांब्याच्या काँटॅक्टवर आदळते आणि बॅटरीचा मोठा करंट सरळ मोटरमध्ये जातो. तो जो "टक्" आवाज येतो तो या दांड्याचा. रिंगला शंभराच्या वर दाते असतात, म्हणजे मोटर दहा-बारा फेरे मारेल तेव्हा इंजिन एक फेरा मारतं.

करंट किती लागतो ते विहिरीवरच्या मोटारीशी ताडून बघा म्हणजे पटेल. आपली ५ एचपीची थ्री फेज मोटर एका फेजला साधारण ७-८ अँपिअर खाते. लहान पेट्रोल गाडीची सेल्फ मोटर, जी दोन एचपीचीही नसते, ती शंभर-दीडशे अँपिअर खाते, आणि डिझेलची त्याच्याही वर जाते. कारण साधं आहे, तिथे ४१५ व्होल्ट आहेत आणि इथे फक्त १२. व्होल्ट कमी म्हटल्यावर तेवढंच काम करायला अँपिअर जास्त ओढावे लागतात, म्हणूनच बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल बोटाएवढी जाड असते.

आणि इथेच सगळी गोम आहे. डीपीपासून (शेताजवळच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून) मळ्यापर्यंत केबल लांब असली, मधे कुठे जोड ढिला असला की डीपीवर पूर्ण व्होल्टेज आणि विहिरीवर मोटर नुसती हूं हूं करते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. गाडीत तेच होतं, फक्त जास्त जोरात. समजा क्लॅम्पवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या पावडरीचा रेझिस्टन्स ०.०२ ओहम आहे, म्हणजे साध्या मीटरवर दिसणारसुद्धा नाही एवढा. पण त्यातून १५० अँपिअर जायला निघाले की तिथेच ३ व्होल्ट गळतात. बारापैकी तीन जोडावरच गेले, काही बॅटरीच्या आत गेले, मग मोटरच्या वाट्याला उरलं काय? तोच जोड हेडलाईटला पुरतो कारण हेडलाईट दहा अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून माणूस म्हणतो "लाईट तर फुल लागतात, बॅटरी चांगलीच आहे" आणि सेल्फवर खापर फुटतं.

म्हणून मी मामांना दुसरं काम सांगितलं, हेडलाईट लावा आणि लाईट बघत बघत सेल्फ मारा. यासाठी एक रुपयाचं अवजार लागत नाही आणि उत्तर फार चांगलं मिळतं. चावी फिरवल्यावर लाईट एकदम मरत असतील आणि टकटकटक चालू असेल, तर बॅटरी बसलेली आहे नाहीतर जोड खराब आहे. ते टकटक का होतं तेही मजेशीर आहे, सोलेनॉइड दांडा खेचतो, काँटॅक्ट लागतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, दांडा धरून ठेवायला बळ उरत नाही, तो सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर येतं, परत खेचतो. सेकंदात कितीतरी वेळा. लाईट जशेच्या तसे लख्ख आणि आवाज अजिबात नाही, तर करंट सोलेनॉइडपर्यंतच येत नाहीये, म्हणजे चावीचा स्विच, फ्यूज, रिले, क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागणाऱ्या गाड्यांत क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिकमध्ये गिअर पी किंवा एनवर नसणं, नाहीतर ती बारीक वायर निघालेली. काही गाड्यांत चावीतली चिप ओळखली नाही तरी सेल्फ लागत नाही, तेव्हा मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत असतो, तोही बघा. लाईट लख्ख आणि एकच ठसठशीत "टक्" येऊन शांतता, तर दोष सेल्फच्या आतला, एकतर सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळालेत किंवा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला घासून करंट देणारे छोटे ठोकळे, झिजलेत. आणि लाईट खूप मंद होऊन "धुप्" असा दबका एकच आवाज आला तर मोटर जाम आहे, क्वचित इंजिनच जाम असतं.

अजून दोन आवाज राहिले. चावी फिरवली की नुसतं "झूंऽऽऽ" असं पंख्यासारखं फिरतं आणि इंजिन ढिम्म, म्हणजे मोटर फिरतेय पण बेंडिक्स रिंगला पकडत नाहीये किंवा त्याच्यातला एकाच बाजूला पकडणारा क्लच घसरतोय. आणि खर्रर्र असा दात घासल्याचा आवाज आला तर बेंडिक्सचे किंवा रिंगचे दाते खाल्ले गेलेत, तिथे थांबा, तसंच मारत राहिलात तर रिंग खराब होईल आणि रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तो खर्च सेल्फच्या कितीतरी पुढे जातो.

मामांच्या लाईटी चावी फिरवताच पार विझत होत्या. म्हटलं बॅटरीचा क्लॅम्प हाताने हलवून बघा. फोनवरच मामा ओरडले, "आरे, हाई ते फिरी राह्यनं!" बस, सापडलं, क्लॅम्प ढिला होता. आधी निगेटिव्हचा क्लॅम्प सोडला, मग पॉझिटिव्हचा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने दोन्ही क्लॅम्प आणि बॅटरीचे खांब घासले, सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही एवढी काळजी घेतली, कोरडं पुसलं, आतून पॉलिश पेपर फिरवला, लावताना आधी पॉझिटिव्ह मग निगेटिव्ह, घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलिनचा हात दिला. साडेसहाला गाडी अमळनेरच्या रस्त्याला लागली.

निगेटिव्ह आधी का काढायचा हे बरेच जण विचारतात. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्ह आहे. पॉझिटिव्ह सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह अजून जोडलेला असला तर सरळ शॉर्ट, पाना लाल होतो, आणि बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघत असतो, त्याच्याजवळ ठिणगी म्हणजे स्फोटच. निगेटिव्ह आधी निघाला की मग पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, हे मी अगदी हात जोडून सांगतोय, सोन्याची अंगठी केबल आणि बॉडीच्या मधे सापडली तर बोट भाजून निघतं.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी तर अंदाजाने काही करूच नये, दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटरही पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या खांबांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, आधी चार्ज करा, तोवर बाकी कुठलीही टेस्ट खोटी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला लावून तेव्हाच परत मोजा. साधारण ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ६-७ वर कोसळली तर नुसते व्होल्ट आहेत, आत दम नाही, ती बदलायचीच. हीच सगळ्यात फसवी अवस्था आहे, कारण हॉर्न वाजतो, लाईट लागतात. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं, तेवढं येत नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि नवीन बॅटरीही चार दिवसांत बसेल.

यापुढची एक टेस्ट गॅरेजमध्येही फार जण करत नाहीत, पण मला ती सगळ्यात आवडते. मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही तर शिशाच्या खांबावर, आणि काळी तार सेल्फच्या मोठ्या बोल्टवर जिथे जाड केबल येते तिथे. आता सेल्फ मारायला लावा. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट त्या रस्त्यात गळतायत. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल किंवा जोड खराब. तसंच निगेटिव्ह बाजूला, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल सेल्फच्या बॉडीवर, इथे ०.२-०.३ च्या वर नको. जास्त आलं तर इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा, ती खाली असते, चिखल-पाण्यात सडते आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. काळ्या मातीतल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीची ही पट्टी पावसाळा संपला की एकदा सोडून, घासून परत आवळायची, एवढं केलं तरी पुष्कळ त्रास वाचतो.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते, पण तिला आतून खाते ती उष्णता, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं, आणि डिसेंबरात पहाटे इंजिन जड झालं की तेव्हा ती उघडी पडते. ज्या बॅटरीला झाकणं आहेत तिचं पाणी उन्हाळ्यात महिन्याला बघा, खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं पाणी कधीच नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

ऊन सेल्फलाही त्रास देतं, आणि हा माझा स्वतःचा अनुभव. आमची जुनी पेट्रोल गाडी घेऊन शिरपूरहून चोपड्याला येत होतो, दुपारचे दोन, रस्त्यात रसवंतीवर थांबलो, रस पिऊन पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर एकच "टक्" आणि शांत. लाईट लख्ख. तासभर लिंबाखाली बसून राहिलो आणि मग पहिल्याच चावीला सुरू. थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर अडते, याचं कारण तांबं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांवरून १०० अंशांवर गेलं की जवळजवळ ३० टक्के वाढ. गाडी चालू असताना हवा लागत असते, बंद केली की इंजिनची सगळी धग सेल्फमध्ये शिरते, म्हणून थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच जास्त अडते. नवीन सेल्फ हे सहज झेलतो, ज्याचे कार्बन आणि काँटॅक्ट आधीच झिजलेत तो त्या ३० टक्क्यांत अडकतो. पुढच्या वेळी तसंच झालं तेव्हा पान्याच्या मुठीने सेल्फच्या बॉडीवर हलकेच दोन ठोके दिले आणि सुरू झाली. ठोका देऊन सुरू होणं म्हणजे कार्बन संपत आल्याची खूण, ठोक्याने ते जागचे हलतात आणि क्षणभर टेकतात. पण हा इलाज घरी पोचण्यापुरता, आणि जोरात हाणायचं नाही, आताच्या बऱ्याच सेल्फमध्ये फिल्ड कॉइलच्या जागी चुंबक चिकटवलेले असतात, ते फुटतात. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट शॉर्ट करून सुरू करायची सवय तर सोडाच, ठिणग्या उडतात, आणि गाडी गिअरमध्ये राहिलेली असली तर तुमच्याच अंगावर येते.

मग एका रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात काम काढलं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा नव्हे, लाकडी ठोकळे, गाडी न्यूट्रलला, बॅटरीचा निगेटिव्ह सोडून बाजूला बांधलेला. काही गाड्यांत सेल्फ वरूनच हाताला येतो, काहींत खालून जावं लागतं, खालून जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. स्टँड नसेल तर ते काम गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही. सोडायच्या आधी वायरींचा मोबाईलवर फोटो काढला. मोठ्या बोल्टवरची जाड केबल, बारीक वायरचा कनेक्टर, आणि सेल्फला गिअरबॉक्सला धरून ठेवणारे दोन बोल्ट, गाडीप्रमाणे तीनही असतात. सेल्फ हातात येताना जड लागतो, एका हाताने खालून आधार धरा.

बाहेर काढल्यावर उघडायच्या आधी बॉडीच्या जोडांवर खिळ्याने खुणा करून घ्या, नाहीतर परत बसवताना बॉडी फिरलेली राहते. आधी सोलेनॉइडकडून मोटरमध्ये जाणारी जाड तार सोडायची, मग सोलेनॉइडचे स्क्रू, दांडा काट्यातून अलगद सोडवायचा. माझ्या सोलेनॉइडचं मागचं झाकण स्क्रूवर होतं, उघडलं तर काँटॅक्ट काळे आणि एका बाजूने खड्डा पडलेला. घासून सपाट केले, पण फारच खाल्ले गेले असतील तर तांब्याचे नवे काँटॅक्ट मिळतात. ज्याचं झाकण दाबून सीलबंद केलेलं आहे तो सोलेनॉइड अख्खाच बदलायचा, फोडत बसू नका.

मग मागचे दोन लांब बोल्ट काढून मागचं कव्हर ओढलं आणि काळा भुगा सांडला. चारपैकी दोन कार्बन निम्म्यापेक्षा कमी उरलेले, त्यातला एक तर खाचेत अडकून बसलेला, स्प्रिंग त्याला पुढे ढकलूच शकत नव्हती. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्यावर आले की बदलायचे. काहींची पूर्ण प्लेटच मिळते, ती सोपी. काहींना तार झाळावी लागते, आणि रेडिओ दुरुस्तीची बारीक कावी (सोल्डरिंग आयर्न) तिथे चालत नाही, जाड तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. मी ते काम मोटर वाईंडिंगवाल्याकडे नेलं, पंपाच्या मोटारी बांधणारी ही माणसं आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला आहेत आणि त्यांच्याकडे मोठी कावी असते, पाच मिनिटांत करून दिलं.

आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं गोल असतं, कम्युटेटर, त्यावर कार्बन घासतात. काळं पडलं असेल तर बारीक पॉलिश पेपर गोलाकार फिरवा, एमरी पेपर नको, त्याची पूड पट्ट्यांच्या मधे बसून शॉर्ट करते. पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बन भरलेला असतो तो हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने कोरून काढा. मग मीटर लावून बघा, कुठलीही पट्टी आणि मधला शाफ्ट यांच्यात करंट जाता कामा नये, गेला तर आर्मेचर जळालंय आणि तिथे घरचं काम संपलं, त्याला नवीन किंवा रिपेअर केलेला सेल्फ हाच मार्ग.

बेंडिक्सचं गिअर बोटाने फिरवा, एका बाजूला सहज फिरलं पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला घट्ट धरलं पाहिजे. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. इंजिन सुरू झालं की रिंगच उलट मोटरला फिरवायला लागते, आयडलला इंजिन ८०० फेऱ्यांवर असलं तरी बारा पटीने मोटर साडेनऊ हजारांवर जाईल, ॲक्सिलरेटर दिला तर आर्मेचरच्या तारा उसवून बाहेर येतील. म्हणून हा क्लच त्या बाजूला सुटा फिरतो. दोन्ही बाजूंना फिरत असेल तर बदला. आणि बेंडिक्स पेट्रोल-रॉकेलमध्ये बुडवून धुवायचा मोह टाळा, आतलं ग्रीस धुऊन निघतं, फडक्याने पुसायचं. शाफ्टच्या आट्यांवर ग्रीसचा नुसता हात द्या, थापू नका, आपल्या धुळीत जास्त ग्रीस म्हणजे चिकट लगदा होतो आणि गिअर पुढे सरकतच नाही. शाफ्ट ज्यात फिरतो ते दोन्ही टोकांचे बुश ढिले असतील तर तेही आत्ताच बदला, बुश घासला की आर्मेचर तिरकं होऊन बाजूला घासतं.

सगळं जोडल्यावर गाडीत बसवायच्या आधी जमिनीवरच टेस्ट. सेल्फ वाईसमध्ये धरा किंवा दोन्ही पायांमध्ये बुटांनी घट्ट दाबून धरा, कारण तो फिरायला लागला की उडी मारतो. जंपर केबलने बॅटरीचा निगेटिव्ह सेल्फच्या बॉडीला, पॉझिटिव्ह मोठ्या बोल्टला, आणि पॉझिटिव्हपासून एक वायर सोलेनॉइडच्या बारीक पिनला क्षणभर टेकवा. गिअर टणकन पुढे येऊन फिरलं पाहिजे आणि वायर काढताच मागे गेलं पाहिजे. दोन-तीन सेकंदांच्या वर फिरवू नका.

ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद-चालू होतात त्यांचा सेल्फ आणि बॅटरी वेगळ्या दमाची असते, तिथे बॅटरीचे क्लॅम्प साफ करण्यापलीकडे मी घरी काही करत नाही.

आमच्या गाडीत सेल्फ परत बसवताना गिअरबॉक्सवर तो जिथे टेकतो ती जागाही पॉलिश पेपरने चकचकीत केली, कारण सेल्फची अर्थिंग तिथूनच होते. बोल्ट आवळले, मोठी केबल, बारीक कनेक्टर, शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह. बायकोला चावी फिरवायला सांगून मीटर लावला तर सेल्फ मारताना १०.८ व्होल्ट, आणि पॉझिटिव्ह केबलमध्ये ०.२ ची गळती. ते दोन्ही आकडे तारखेसकट चिकटपट्टीवर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला लावून ठेवलेत, म्हणजे पुढच्या मे महिन्यात परत मोजलं की किती उतरलं ते लगेच दिसेल.